कण्हेर, मोगरा आणि थंडीचा नकाशा

बागकामाची इंग्रजी पुस्तके चाळणाऱ्याला ‘हार्डी’ हा शब्द पानोपानी भेटतो. मराठीत त्याला ‘काटक’ म्हणता येईल. उत्तर युरोप-अमेरिकेत काटक फुलझुडूप म्हणजे हिवाळाभर बर्फ सोसून वसंतात पुन्हा फुटणारे, लायलॅक किंवा फोर्सिथियासारखे. मग गोदाकाठच्या काळ्या मातीत वसलेल्या पूर्णेत काटक कोणाला म्हणायचे? प्रश्न हौसेचा वाटेल. पण उन्हाळ्यात जिथे घागरींचा हिशेब ठेवावा लागतो, तिथे अंगणात काय लावायचे हा पाण्याचाच प्रश्न असतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याने 1960 मध्ये थंडीनुसार प्रदेशांचा नकाशा प्रसिद्ध केला. वर्षातील सर्वांत थंड रात्रीचे तापमान आणि त्याची अनेक वर्षांची सरासरी, एवढाच त्याचा निकष. आज त्यात 13 विभाग आहेत आणि जगभरच्या रोपवाटिका झुडपांना त्यातला आकडा लावतात. परभणी भागात हिवाळ्यात पारा बहुतेक वर्षी 10 अंशांखाली उतरतो. 2018 च्या डिसेंबरअखेर तो 5 अंशांच्याही खाली गेला होता. या हिशेबाने पूर्णा साधारण अकराव्या विभागात बसते. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाची समुद्रबेटेही त्याच्याच आसपास येतात. मात्र त्या दमट बेटांवर आपला वैशाख नाही. 42-43 अंशांचे ऊन, कोरडा वारा आणि भेगाळलेली जमीन या नकाशाला दिसतच नाही. ही उणीव ओळखून तिथल्या बागकाम संस्थेने 1997 मध्ये 30 अंशांवरील दिवस मोजणारा उष्णतेचा वेगळा नकाशा काढला. जमिनीतला ओलावा मात्र त्यातही नाही.

थंडी आणि दुष्काळ झाडाच्या दृष्टीने फार लांबचे नाहीत. गोठणाऱ्या थंडीत बर्फ आधी पेशींमधल्या फटींत धरतो आणि पेशीतले पाणी बाहेर ओढतो. म्हणजे थंडीने मेलेले झाड बऱ्याच अंशी कोरडे पडूनच मेलेले असते. दुष्काळातही पेशी पाणी गमावते. दोन्ही संकटांत झाडे साखरेसारखी द्रव्ये साठवून पेशी सावरतात आणि त्यासाठी जागी होणारी काही जनुकेही सारखीच असल्याचे आढळले आहे. फरक विश्रांतीच्या ऋतूचा आहे. लायलॅकच्या कळीला झोपेतून उठण्यासाठी कित्येक आठवड्यांची थंडी लागते. ती पूर्णेत मिळत नाही. म्हणून त्याला येथे कितीही जपले तरी फुलांची आशा धरता येत नाही.

आपल्याकडे थंडीचे हे काम माणूस पाणी तोडून करतो. त्याला ‘ताण देणे’ म्हणतात. मोसंबीचा आंबे बहार धरणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. मोगऱ्याचेही तसेच. कार्तिक-मार्गशीर्षात पाणी कमी करत तोडायचे, पौषाच्या सुमारास छाटणी करायची, मग शेणखत घालून पाणी सुरू करायचे; फाल्गुनापासून कळ्या दिसू लागतात. वर्षभर सारखे पाणी पिणारा मोगरा पानांनी भरतो आणि फुलांना कंजूष होतो.

कण्हेरीची तयारी आणखी पक्की. तिच्या पानांची श्वासरंध्रे खालच्या बाजूला, केसाळ खळग्यांत दडलेली असतात, त्यामुळे कोरड्या वाऱ्यात पाणी कमी उडते. तिचे सर्वांग विषारी आहे, म्हणून गोठ्याजवळ किंवा लहान मुलांच्या हाताशी ती लावू नये. काटेकोरांटी पावसावर वाढून थंडीच्या तोंडावर पिवळी फुलते. जास्वंदीला मात्र आपली थंडीही बोचते. 10 अंशांखाली पाने पिवळी पडतात, कळ्या गळतात. थंडीची लाट येणार असेल तर तिला संध्याकाळी पाणी द्यावे. ओली जमीन रात्री ऊब अधिक धरून ठेवते. बागाईतदार पिकांसाठी करतात तोच हा उपाय.

काळी माती स्वतःच एक कसोटी आहे. भादव्यात ती पाणी तुंबवते, मुळे गुदमरतात. चैत्रात भेगाळते, मुळे तुटतात. म्हणून झुडूप पावसाळ्याच्या सुरुवातीला, मुरूम आणि शेणखत मिसळून केलेल्या उंचवट्यावर लावावे आणि होळीच्या सुमारास बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा.

परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. पिकांच्या तुलनेत अंगणातल्या फुलझुडपांच्या नोंदी दुर्मीळच. त्या घरोघरी ठेवता येतील. प्रत्येक झुडपापुढे तीन रकाने पुरेत: पौषातली किती थंडी सोसली, वैशाखात पाण्यावाचून किती दिवस तगले आणि भादव्यात किती दिवस पाण्यात उभे राहिले. पाच-सात वर्षांच्या अशा वहीतून आपल्या मातीचा नकाशा तयार होईल. रोप विकत घेताना चिठ्ठीवरच्या परक्या आकड्यापेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.