उजनीच्या पाण्यात काय आहे?

उन्हाळा लागला की सोलापूर जिल्ह्यात जो तो विचारतो, उजनी किती टक्के? प्लस की मायनस? 117 टीएमसीच्या या धरणातलं जवळपास 63 टीएमसी पाणी मृतसाठ्यात धरलं जातं, म्हणून पाणी त्याखाली उतरलं की ‘उजनी मायनसमध्ये गेलं’ म्हणायचं. भिगवणच्या बाजूला बॅकवॉटरवर हिरवा तवंग बघितला, तेव्हा माझ्या मनात वेगळाच प्रश्न आला: या पाण्यात आहे तरी काय? या पाण्यावर संशोधन करणाऱ्या एका बाईंबरोबर मी होडीत बसलो.

आधी वास आला. कुजलेल्या गवताचा, मातकट, घशाला चिकटणारा. “मॅडम, इथं जाळं टाकलं तर हिरवंच होऊन वर येतं,” नावाडी म्हणाला. बाईंनी दोरीला बांधलेली काळी-पांढरी सेकी तबकडी पाण्यात सोडली. हातभर खाली जायच्या आतच ती दिसेनाशी झाली. नमुने बाटल्यांत भरले. ल्युगोल आयोडीनचे थेंब टाकताच पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आला. आता आतल्या पेशी टिकतील आणि तळाशी बसतील.

खरं काम प्रयोगशाळेत. सेजविक-राफ्टर स्लाइडवर बरोबर 1 मिलिलिटर पाणी मावतं. सूक्ष्मदर्शकात सिलिकाच्या कवचातले डायटम दिसले आणि मधूनमधून मायक्रोसिस्टिसचे गोळे. एकेका गोळ्यात बारीक पेशींची गर्दी. त्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, म्हणून त्या उन्हाकडे वर येतात आणि खालच्यांचा उजेड अडवतात. बाई एकेक चौकोन बघत होत्या, दुसऱ्या हातातल्या काउंटरवर आकडा वाढत होता. मान अवघडली तरी नजर हलली नाही. इतकं चिवट, निमूट काम मी क्वचितच पाहिलं आहे.

“लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम,” त्या म्हणाल्या. मायक्रोसिस्टिसच्या काही जाती मायक्रोसिस्टिन हे यकृताला बाधणारं विष तयार करतात. पिण्याच्या पाण्यात त्याच्या एलआर या प्रकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली दीर्घकालीन मर्यादा एवढीच: 1 मायक्रोग्रॅम. उकळून हे विष जात नाही, उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरतं.

शेवाळ एवढं माजतं कशामुळे? 1973 मध्ये कॅनडातल्या 226 क्रमांकाच्या तळ्याचे पडदा लावून दोन भाग केले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे घातले, फॉस्फरस एकाच भागात. तोच भाग हिरवा झाला. उजनी ज्या भीमा नदीवर आहे, तिच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहेत. त्यांच्या सांडपाण्यातला फॉस्फरस मुळा-मुठेतून खाली येतो. उन्हाळ्यात पाणी घटतं, तापतं, थांबतं.

उजनीची टक्केवारी रोज छापून येते. तिच्या शेजारी शेवाळाची मोजणी आणि मायक्रोसिस्टिनचा आकडाही यायला हवा. सोलापूरकरांनी पाटबंधारे खात्याकडे आणि महापालिकेकडे त्याची लेखी मागणी करावी.