जिल्ह्याएवढी माणसं, दोनशे जिल्ह्यांएवढा देश

मंगोलियाला चार-पाच दिवस जाऊन येऊ, राजधानी उलानबातर बघू आणि जवळचा गवताळ माळ तुडवून परत फिरू, असा बेत कोल्हापुरात बसून आखायला घ्या. पहिल्याच आकड्याला हिशेब कोलमडतो. देशाचं क्षेत्रफळ 15 लाख 64 हजार चौरस किलोमीटर! आपला कोल्हापूर जिल्हा, पार शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत, 7,685. असे दोनशे तीन जिल्हे एकाला एक लावून मांडायचे, तेव्हा कुठे मंगोलिया भरतो. अख्खा महाराष्ट्र त्यात पाच वेळा बसतो आणि वर जागा उरते.

आता माणसं मोजू. 2011च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात 38 लाख 76 हजार माणसं निघाली. सगळ्या मंगोलियात किती? सुमारे 35 लाख. दोनशे जिल्ह्यांच्या जागेत एका कोल्हापूरएवढीही माणसं नाहीत! चोवीस डब्यांची गाडी घ्या, डब्याला 72 जागा धरा आणि रोज एकच गाडी सोडा. साडेपाच वर्षांत तो देश रिकामा होईल, तोही सगळ्यांना बसायला जागा देऊन.

थांबा, यातली जवळजवळ निम्मी माणसं एकट्या उलानबातर शहरात राहतात. ती वगळली की उरलेल्या देशात माणशी दोनशे एकरांहून जास्त जमीन येते. आपल्या जिल्ह्याची जमीन अशीच सारखी वाटली तर वाट्याला वीस गुंठेही येत नाहीत. तरी आपण बांध कोरतो, आणि त्यावरून कोर्टात दोन पिढ्या घालवतो.

जायचं किती लांब? पक्ष्यासारखं सरळ उडालो तर कोल्हापूरहून साडेचार हजार किलोमीटर. मुंबई-पुणे तीस वेळा. विमान जिथे उतरतं तो चंगीझ खान विमानतळ 2021मध्ये सुरू झाला. तो शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, म्हणजे विमानातून उतरून ‘गावात’ जायलाच कोल्हापूर-सांगली करायचं. आणि गाव तरी केवढं! उलानबातर महापालिकेची हद्द 4,704 चौरस किलोमीटर. बृहन्मुंबई तिच्यात पावणेआठ वेळा मावते. उंची साधारण महाबळेश्वराएवढी, पण म्हणून स्ट्रॉबेरीची स्वप्नं पाहू नका. जगातल्या राजधान्यांत ही सगळ्यांत थंड. जानेवारीच्या रात्री पारा उणे तीसच्या खाली जातो. कोल्हापूरचा मे महिना चाळीस अंशांचा धरला तर दोन्हींत सत्तर अंशांचं अंतर!

म्हणून जायचं जुलैत. पावसाची काळजी नको. तिथे वर्षभरात मिळून पाव मीटरच्या आसपास पडतो. गगनबावड्याला जुलैत लागला की तेवढा दोन दिवसांत ओतून मोकळा होतो. पैशांचीही मजा आहे. एका रुपयाला साधारण चाळीस तुगरिक. दहा हजार रुपये बदलले की खिशात चार लाख. खर्चही लाखांतच होतो, तेव्हा फार फुशारायला नको.

शहराच्या पूर्वेला 54 किलोमीटरवर त्सोंजिन बोल्दोग इथे घोड्यावर बसलेला चंगीझ खान उभा आहे. उंची 40 मीटर, चौथरा वेगळा. गेटवे ऑफ इंडिया 26 मीटरचा, म्हणजे तो या घोड्याच्या शेजारी ठेंगणाच. पुतळ्याला लागलेलं पोलाद 250 टन. उसाचे दहा टनी पंचवीस ट्रक! दुसऱ्या बाजूला, पश्चिमेकडे शंभरेक किलोमीटरवर हुस्ताईचं अभयारण्य. आपल्या राधानगरीच्या दीडपट. तिथे तखी हा रानघोडा 1992पासून पुन्हा सोडला. रानातून तो पार संपला होता. आज जगात जितके तखी आहेत ते सगळे पिंजऱ्यात उरलेल्या डझनभर घोड्यांचे वंशज, असं शास्त्रज्ञ सांगतात. आपण मान डोलवायची.

उत्तरेच्या खोव्सगोल सरोवरापर्यंत या सहलीत पोचणं होणार नाही. पण त्याचा आकडा ऐकल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यातलं पाणी साधारण 380 घनकिलोमीटर. विहिरी मोजण्यात अर्थ नाही, धरणंच घेऊ. राधानगरी भरलं की 8.36 टीएमसी. ते सोळाशे वेळा काठोकाठ भरायचं! कोयना घेतलं तरी सव्वाशे वेळा.

आणि जनावरं? 2019च्या मोजणीत सात कोटी नऊ लाख. माणशी वीसहून जास्त. महाराष्ट्रात माणसं बारा कोटी आणि पशुधन सव्वातीन कोटी. त्या सात कोटींत नुसते घोडेच बेचाळीस लाख, माणसांपेक्षा जास्त! घोड्याची लांबी दोन मीटर धरून त्यांची रांग लावली, तर ती कोल्हापुरातून निघून उलानबातरला पोचते, तिथून वळते आणि परत येता येता कोल्हापूरच्या सहा-सातशे किलोमीटर अलीकडे संपते. याच घोड्यांवर खानाचे जासूद चौक्याचौक्यांवर घोडी बदलत दिवसाला दोनशे-तीनशे किलोमीटर कापत. म्हणजे सकाळी मुंबई, दुपारी पुणे, रात्री पुन्हा मुंबई, तेही तेराव्या शतकात. राज्य केवढं? भरात होतं तेव्हा सुमारे 2 कोटी 40 लाख चौरस किलोमीटर. आजच्या सात भारतांएवढं!

पण कोल्हापूरकराने विमान पकडायचं ते 11 जुलैच्या आत. 11 ते 13 जुलै नादाम असतो. घोड्यांच्या शर्यती, तिरंदाजी आणि कुस्ती. राजधानीच्या फडात एरवी 512 मल्ल उतरतात. वजनी गट नाही. साठ किलोचा एकशे तीसवाल्यासमोर आला तर आला. पाठ लावायचीही गरज नाही, नुसता गुडघा किंवा कोपर टेकला की संपलं. ओळीने पाच कुस्त्या मारल्या की ‘ससाणा’, सात मारल्या की ‘हत्ती’, नऊ मारल्या की ‘सिंह’. आणि 2011मध्ये या लोकांनी एकाच स्पर्धेत 6,002 मल्ल उतरवून गिनीज विक्रम केला. सहा हजार दोन! कुस्तीगणिक एक गडी बाद, म्हणजे विजेता निघेपर्यंत 6,001 कुस्त्या. आता ही स्पर्धा शाहू महाराजांच्या खासबागेत, त्या एकाच हौद्यात घ्यायची ठरवा. कुस्तीला पाच मिनिटं. तीस हजार मिनिटं. पाचशे तास. जेवणाला सुट्टी नाही, झोपेला नाही. हलगीवाल्यांना एकवीस दिवस आणि जवळपास तितक्याच रात्री वाजवावं लागेल!