पाच आणि कृष्णागरू
पुरुषांच्या अत्तरांत हल्लीं पाच व ऊद ही जोडी मानाची ठरली आहे. पाच तर आपल्या वेणींतलीच! १९ व्या शतकांत काश्मिरी शालींना कसर लागूं नये म्हणून घड्यांत तिचीं पानें घालीत; त्या वासावरूनच विलायतेंतील गिऱ्हाइकें शालीचा अस्सलपणा पारखीत.

हा ऊद मात्र आपला निखाऱ्यावरचा धूप नव्हे, तो कृष्णागरू. आसामांतील निरोगी अगरूवृक्षाचें लांकूड फिकें व जवळजवळ निर्गंध असतें. कीड पोखरते, बुरशी शिरते, तेव्हां झाड आत्मरक्षणार्थ काळसर राळ निर्माण करतें. सुगंध तो तिचाच. आंत राळ आहे कीं नाहीं, हें बाहेरून खात्रीनें कळत नाहीं. म्हणून निरोगी झाडांवरही कुऱ्हाड चालली. अखेर १९९५ सालीं या वृक्षाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. लागवडीच्या झाडांना आतां मुद्दाम जखमा करून राळ मिळवितात.