बैलाचा झाला दोस्त

‘के ओन्दा, ग्वेय?’
‘नादा, ग्वेय. ई तू?’

मेक्सिको सिटीच्या मेट्रोत, विद्यापीठाच्या आवारात, ताकोच्या गाडीपाशी हे बोलणं दिवसभर कानावर पडतं. ‘काय चाललंय, लेका?’ ‘काही नाही रे. तुझं?’ एवढाच अर्थ. बोलण्याच्या ओघात ‘ग’ जवळजवळ गळतो आणि ‘वेय’ तेवढा उरतो. तरुण पोरांच्या गप्पांत हा शब्द दर वाक्याला हजेरी लावतो, आणि प्रत्येक वेळी त्याचं काम वेगळं असतं.

मूळ शब्द ‘बुएय’, म्हणजे खच्ची केलेला बैल. बोलीभाषेत ‘बुए’चा ‘ग्वे’ होणं स्पॅनिशला जुनंच आहे: ‘बुएनो’चा ‘ग्वेनो’, ‘आबुएलो’चा (आजोबांचा) ‘आग्वेलो’. गंमत म्हणजे हा प्राणी मेक्सिकोचा नव्हेच. 1521 मध्ये आस्तेकांची राजधानी पडली, त्यानंतर स्पॅनिश लोकांबरोबर गुरं तिथे पोचली. हाकाल तिकडे जाणारा, ओझं ओढणारा बैल मठ्ठपणाची उपमा व्हायला वेळ लागला नाही. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘बैलोबा’ आणि ‘नंदीबैल’ आपल्याकडेही आहेतच.

‘ग्वेय’ आस्तेकांच्या नाउआत्ल भाषेतल्या ‘वेय’ या शब्दापासून आला, असंही कुणी सांगतं. आस्तेक सम्राटाला ‘वेय त्लातोआनी’ म्हणत, आणि त्यातल्या ‘वेय’चा अर्थ थोर. ही व्युत्पत्ती ऐकायला मोहक आहे, पण मला ती पटत नाही. ‘मूर्ख’ हा अर्थ आजही शब्दात जिवंत आहे, आणि तो थोरपणातून नव्हे, बैलातूनच सरळ येतो.

आपला बैलोबा शिवीतच राहिला. मेक्सिकोतला बैल मात्र दोस्त झाला. जिवलग मित्राला मूर्ख म्हटलं तर तो रागावत नाही, आणि तो रागावत नाही हीच मैत्रीची खूण. अशा लाडाच्या वापरातून शिवीची धार बोथट होत गेली. बैल पुल्लिंगी असला तरी आज मुलीही एकमेकींना बिनदिक्कत ‘ग्वेय’ म्हणतात. आल्फोन्सो क्वारोन यांच्या 2001 च्या ‘ई तू मामा ताम्बिएन’ या चित्रपटातल्या दोन मित्रांचं बोलणं ऐकलं, तर या शब्दाची लय सहज ध्यानात येते.

जुना अर्थ मेलेला नाही, हे विसरून चालत नाही. ‘नो सेआस ग्वेय’ म्हणजे ‘मूर्खपणा करू नकोस’. ‘एसे ग्वेय’ म्हणजे नुसतं ‘तो माणूस’, बहुधा अनोळखी किंवा नावडता. ‘आसेर्से एल ग्वेय’ला आपल्याकडे तयार वाक्प्रचार आहे: वेड पांघरून पेडगावला जाणं. नुसताच लांबवून ‘ग्वेऽऽऽय’ असा सूर काढला की आश्चर्य. तोच तुटक आणि खालच्या पट्टीत आला की ताकीद. वाक्याच्या शेवटी आला तर पुष्कळदा त्याला स्वतःचा अर्थच नसतो, आपल्या ‘रे’सारखा तो नुसता ऐकणाऱ्याला जवळ ओढतो. मला या शब्दाचं खरं सौंदर्य इथे दिसतं. कोशातली अर्थांची यादी पाठ केली तरी हा सूर हाती लागत नाही.

नात्याचा हिशेब मात्र काटेकोर आहे. स्पॅनिशमध्ये आपल्या तू-तुम्हीसारखा ‘तू’ आणि ‘उस्तेद’ असा भेद आहे. जिथे ‘उस्तेद’ म्हणायचं तिथे ‘ग्वेय’ला जागा नाही. आजीला, साहेबांना, नुकत्याच भेटलेल्या वडीलधाऱ्या माणसाला तो ऐकवणं हा उद्धटपणाच. पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकून तिकडे जाणाऱ्याने आधी समोरच्याकडून तो येऊ द्यावा, मग आपण वापरावा.

लिहिताना ‘ग्वेय’ची अधिकृत अक्षरं क्वचितच दिसतात, मोबाइलवर तरुण मंडळी त्याची दोन-तीन अक्षरांतच बोळवण करतात. सीमा ओलांडली की मात्र हा शब्द मेक्सिकोची ओळखच सांगतो. माद्रिदमध्ये मित्राला ‘तीओ’ म्हणतात, म्हणजे खरं तर काका. आर्जेन्टिनात हाक मारायला ‘चे’, आणि याच शब्दावरून एर्नेस्तो गेव्हारा जगभर ‘चे’ झाले. चिलीत ‘वेओन’ ऐकू येतो. तो ‘वेय’चा भाऊ वाटतो, पण त्याचं मूळ अंड्यात, ‘उएव्हो’त आहे. मित्र आणि मूर्ख हे दोन्ही अर्थ मात्र त्यालाही आहेत, आणि तिथेही कुठला घ्यायचा ते बोलणाऱ्याच्या सुरावर ठरतं.