निरोगी आईबापांचे आजारी मूल

चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था १९६२ साली सुरू झाली. 'पी.जी.आय.' या नावाने ती साऱ्या उत्तर भारताला ठाऊक आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचलमधून येथे उपचारांसाठी येणाऱ्यांत थॅलेसेमियाची मुलेही असतात. दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरचे रक्त मिळाले तरच ती तग धरतात. आईवडील मात्र ठणठणीत! मग हा आजार आला कोठून?

उत्तर आनुवंशिकतेच्या साध्या नियमात आहे. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून येते, एक वडिलांकडून. त्यामुळे त्यांवरची बहुतेक जनुकेही जोडीनेच असतात. ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्यावर प्रयोग करून हे नियम १८६५ मध्ये मांडले. पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या जातींचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सारे दाणे पिवळे आले. पुढच्या पिढीत मात्र चारांत सुमारे एक दाणा पुन्हा हिरवा निघाला. हिरवा गुण नाहीसा झाला नव्हता, नुसता दडून बसला होता.

थॅलेसेमियाचे असेच आहे. रक्तातील हिमोग्लोबिनचा एक भाग घडविणारे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. जोडीतले एकच सदोष असेल, तर माणूस केवळ 'वाहक' असतो. थोडासा पंडुरोग सोडला, तर त्याला काही जाणवत नाही. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक खेपेला फासे नव्याने पडतात.

भारतात शंभरांत साधारण तीन-चार जण वाहक आहेत. पंजाबी आणि सिंधी समाजांत हे प्रमाण अधिक आढळते. वाहकांना मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले. जातीतच लग्ने होत राहिल्याने दोन वाहक एकत्र येण्याचा संभवही वाढला. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे उल्हासनगरात वसली, त्यामुळे महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल आजारही याच नियमाने पुढच्या पिढीत उतरतो.

वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साठते. ते काढण्यासाठी सतत औषधे घ्यावी लागतात. जुळणाऱ्या भावंडाचा अस्थिमज्जा मिळाला, तर आजार बराही होऊ शकतो. पण तो योग सर्वांच्या वाट्याला येत नाही. त्यापेक्षा वाहक ओळखणे सोपे. लग्नापूर्वी, निदान गर्भारपणाच्या सुरुवातीला, 'हिमोग्लोबिन ए-टू' ही रक्ततपासणी करून घ्यावी. दोघेही वाहक निघाले, तर दहाव्या-अकराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाचीही तपासणी करता येते. सायप्रसने अशा तपासण्यांच्या बळावर नव्या रुग्णांची संख्या जवळजवळ शून्यावर आणली.

आजारी मूल जन्मले की आपल्याकडे बोट सुनेकडे वळते. आनुवंशिकतेचा हिशेब मात्र चोख आहे: या आजारात एक जनुक आईचे असते, तर दुसरे बापाचे. म्हणून तपासणीही दोघांची व्हावी, आणि दोष कोणालाच लावू नये.