गर्दीतला एकाकी कसा ओळखायचा?

बंगळुरात चामराजपेटच्या फोर्ट हायस्कूल मैदानावर रामनवमीचा संगीतोत्सव भरतो; त्याची सुरुवात १९३९ची. मांडव खचाखच, मांडीवर ताल धरणारे हात एकदमच समेवर येतात. या गर्दीत एकाकी कोण, हे ओळखून दाखवा! मानसशास्त्रालाही ते नुसतं बघून जमत नाही. विचारावंच लागतं.

आणि विचारण्यातच खरी गंमत आहे. ‘एकाकी वाटतं का हो?’ म्हटलं, की माणूस ‘छे, मजेत!’ म्हणून मोकळा होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७८ साली तयार झालेली आणि पुढे सुधारलेली वीस वाक्यांची एक मोजपट्टी होती. फोनवरून विचारता यावं म्हणून मेरी एलिझाबेथ ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये तिच्यातून तीनच प्रश्न काढले. सोबतीची उणीव कितीदा भासते? आपल्याला वगळलंय असं कितीदा वाटतं? इतरांपासून तुटल्यासारखं कितीदा वाटतं? ‘क्वचितच’ला १, ‘कधीकधी’ला २, ‘बऱ्याचदा’ला ३ गुण. बेरीज ३ ते ९. एकाकीपणाचा उल्लेख कुठेच नाही, तरी तो पकडला जातो!

त्याआधी १९७३ साली समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी दाखवलं, की एकाकीपणा एक नाहीच, दोन आहेत. जोडीदार दुरावलेल्यांच्या मंडळात जाऊन लोकांना मित्र मिळाले, पण घरातली पोकळी काही भरली नाही. उलट नवऱ्याच्या नोकरीपायी बोस्टनला आलेल्या बायकांचा संसार सुखाचा, तरी त्या झुरत होत्या. कितीही प्रेमळ असला तरी नवरा काही शेजारीण होऊ शकत नाही. बेळगाव-कोल्हापुराहून बंगळुरात आलेल्या सुनेला हे वेगळं सांगायला नको.

पुढे संशोधन मनातून शरीरात शिरलं. अमेरिकेतल्या एमआयटीत लिव्हिया टोमोवा आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०२०मध्ये छापून आलेला प्रयोग मला तर थक्क करतो. चाळीस जणांना एक दिवस दहा तास माणसांवाचून ठेवलं, दुसऱ्या एका दिवशी दहा तास उपाशी. मग मेंदूचं स्कॅनिंग. उपाशी माणसाला जेवणाची चित्रं दाखवल्यावर मध्यमेंदूचा जो भाग उजळायचा, तोच एकट्या ठेवलेल्याला माणसं हसत-बोलत असल्याची चित्रं पाहून उजळला. माणसांची ही चक्क भूक!

मग माणसं भेटवली की झालं? नाही. २०११ साली ख्रिस्तोफर मासी आणि सहकाऱ्यांनी उपायांवरचे अभ्यास एकत्र करून तपासले. गाठीभेटी वाढवणं, बोलायला-वागायला शिकवणं, आधार देणं यांपेक्षा ‘मी कुणाला नकोच आहे’ या समजुतीलाच हात घालणारे उपाय सरस ठरले. स्नेहसंमेलनं भरवणाऱ्यांना हे जरा बोचेल. पण एकाकीपणा लांबला की मन सारखं धोका हुंगत राहतं. ओळखीचा माणूस घाईत पुढे निघून गेला, तरी त्यानं मुद्दाम टाळलं असंच वाटतं.