मध जुलैत संपला, ऑर्डरी दिवाळीच्या आल्या! आता काय करायचं?

वडिलांच्या मधपेट्यांवर स्वतःचा ब्रँड उभा करणाऱ्यांसाठी आजचा लेख. मधाच्या धंद्यात गिऱ्हाईक मिळवणं तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही. अवघड वेळ येते ती गिऱ्हाईक दारात उभं असताना आणि मध संपलेला असताना.

माझ्या बॅचला महाबळेश्वर तालुक्यातला तेवीस वर्षांचा एक मधपाळ होता. याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, त्यामुळे इकडच्या मधाची ओळख करून द्यावी लागत नाही. वडिलांच्या साठ सातेरी पेट्या. पोरानं लेबल केलं, इन्स्टावर रील टाकले, आणि उन्हाळ्यात काढलेला सगळा मध जुलैत संपवला. मग एका कंपनीनं दिवाळी गिफ्टसाठी दोनशे बाटल्या मागितल्या. लगेच एक व्यापारी हजर! त्याच्याकडे डबे भरून मध, तोही घरच्या भावाच्या निम्म्याहून कमी दरात. वडील एवढंच म्हणाले, “ऑर्डर आली म्हणून माशी जास्त मध देते का?”

आता हिशेब बघा. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध मिळतो. सात धरा. साठ पेट्यांचे झाले ४२० किलो. घरचा, पाहुण्यांचा, सांडलवंड काढून ४०० किलो. हा तुमचा वर्षाचा माल! कितीही रील टाका, तो वाढणार नाही. मेलीफेरा माशी जास्त मध देते, पण तिला फुलोऱ्यामागे गावोगाव फिरवावं लागतं. तो धंदाच वेगळा.

म्हणून मध काढल्या दिवशीच वाटणी करायची. समजा, १५० किलो उन्हाळी पर्यटकांना, १०० किलो नेहमीच्या गिऱ्हाइकांना आणि १५० किलो दिवाळीनंतरपर्यंत कुलपात. कुलपातला मध मे महिन्यात विकायचा मोह होईल. विकायचा नाही.

बाटलीचंही तसंच. मध पाण्यापेक्षा जड असतो, एक लिटरच्या भांड्यात जवळपास १.४ किलो बसतो. तुम्ही ५०० मिलीची बरणी आणून गळ्यापर्यंत भरली आणि लेबलवर ‘५०० ग्रॅम’ छापलं, तर आत ७०० ग्रॅम जातो. ४०० किलोच्या ८०० बाटल्या व्हायच्या, त्या ५७१ वरच संपतात. अर्ध्या किलोला साधारण ३५० मिलीची बरणी लागते. बरणीवाल्याशी बोलताना मिली विचारा, भरताना मात्र काट्यावर भरा.

आता त्या व्यापाऱ्याकडे वळू. त्याचा मध वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पण तो कशाचा, कुठला, कधीचा, हे तुम्हाला सांगता येणार नाही. २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं १३ ब्रँडचे मध तपासले, त्यातले तीनच सगळ्या चाचण्यांत उतरले. नेहमीच्या चाचण्या चुकवतील असे पाक बाजारात आहेत, हे तेव्हा लोकांना कळलं. लोक तुमच्याकडे महाग मध घेतात ते पेट्या तुमच्या दारात दिसतात म्हणून. त्याच लेबलखाली बाहेरचा मध गेला, तर मोठ्या कंपनीत आणि तुमच्यात फरक फक्त जाहिरातीच्या बजेटचा.

शेजारच्या मधपाळाचा मध जरूर घ्या. फक्त लेबल वेगळं, गावाचं नाव वेगळं. पोळ्याचे कप्पे मेणानं बंद झालेत का, हे स्वतः बघून मग काढायला सांगा. रिफ्रॅक्टोमीटर जवळ ठेवा. ओलावा २० टक्क्यांच्या वर असेल तर परत द्या, तो मध आंबतो.

गिऱ्हाइकाला दोन गोष्टी त्यानं विचारायच्या आधी सांगा. थंडीत मध गोठला, त्यात कण दिसले, म्हणजे साखर मिसळली असं नाही. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पातळ होतो. दुसरी जास्त नाजूक. पावसाळ्यात तिकडे माशीला खायला मिळत नाही, तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो. हा व्हिडिओ दुसऱ्या कुणी काढून टाकला तर तुम्ही भेसळखोर ठरता. तोच तुम्ही स्वतः टाका आणि सांगा: हे माश्यांच्या पोटासाठी आहे, या दिवसांत आम्ही मध काढत नाही, आणि फुलोरा सुरू व्हायच्या आधी पाक बंद करतो. (लेबलवर एक ओळ आणखी: एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. आपल्याकडे बाळाला मध चाटवतात, तरीही छापा.)

घरच्या पैशाचं थोडक्यात सांगतो. पेट्या वडिलांच्या, क्यूआर कोड तुमचा, असं चालू असेल तर दर किलोमागे वडिलांचा भाव ठरवा आणि तो आधी त्यांच्या खात्यात टाका. पोळी बघायला जंगलात तेच जातात.

त्या पोरानं शेवटी कंपनीला कळवलं, “यंदाचा मध संपला. पुढच्या दिवाळीच्या दोनशे बाटल्या तुमच्या नावानं राखून ठेवतो, चालेल का?” कंपनी हो म्हणाली आणि पूर्ण पैसे आधीच द्यायला तयार झाली. मी त्याला थोडंच टोकन घ्यायला सांगितलं. जांभळाच्या मोहोरात अवकाळी झाला आणि फुलं झडली, तर परत करायला पैसे हातात हवेत.